ज्वरातल्या दुपारी

झाशी, ८ एप्रिल २०२१

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पेटी पोचली. वरच्या मजल्यावरच्या ऐश्वर्याने ती प्लगला लावून दिली. आता ती माझ्या उशाशी तिपाईवर बसून हिरवा डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघत असते. गेल्या थंडीत तुमच्या दवाखान्यात माझ्या गळ्याच्या हाडाखाली हृदयाचे ठोके सांभाळणारी ती डबी बसवली, तेव्हा तू म्हणाली होतीस, "मामी, डबी तुमच्या छातीत, पेटी तुमच्या उशाशी आणि मी पुण्यात पडद्यासमोर. रोज सकाळी मला कळेल तुमचं हृदय कसं चाललंय." मला ते पोरीने म्हातारीला समजावण्यासाठी केलेलं बोलणं वाटलं होतं. काल तुझा निरोप आला, 'झाशी दिसायला लागली', तेव्हा मी उगीचच पदर सारखा केला.

डबी आकडे सांगेल, कसं वाटतं ते तुम्ही लिहा, असं तू सांगितलंस म्हणून हे पत्र. कागदावर लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा, हे मी शिकले आहे. जन्मभर रेल्वेच्या शाळेत पोरांना हिंदी शिकवली, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहूनही पत्र मराठीतच लिहायचं हा आमच्या गुरसरायच्या घरचा रिवाज.

ऐश्वर्या म्हणजे माझी किराएदार. सांगलीकडची. नवरा पराग फौजेत आहे, त्याची इथल्या बबीन्याच्या छावणीतून थेट बर्फात बदली झाली. हिला आठवा लागलाय, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, आणि या बंदीत हिची आई तिकडून येऊ शकत नाही. म्हणून मीच तिची आई आणि मीच सासू.

बाकी एकच सांगण्यासारखं. हे गेल्यापासून मला स्वप्नं पडत नव्हती. डबी बसल्यापासून पडतात. काल बरुआसागरच्या तलावावर खाट टाकून आम्ही दोघं बसलो होतो. पाण्यावरच टाकली होती खाट, बुडत नव्हती. हे म्हणाले, "पाय वर घे, ओले होतील."

उषावन्संना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझी,
अनुमामी

---

पुणे, १२ एप्रिल

प्रिय अनुमामी,

आईला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. खूप हसली. म्हणाली, "निरंजनदादा अगदी असंच म्हणाला असता. पाण्यावर बसवून पाय ओले होतील म्हणणारा माणूस." गुडघे आहेत तसेच. तिने तुम्हाला आशीर्वाद नाही, 'टाळी' पाठवली आहे. तुम्हाला कळेल म्हणाली.

आमचं निम्मं काम आता घरून चालतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला की माझी माणसं एकाखाली एक दिसायला लागतात. लातूरचे एक वकील, खेडच्या एक आजी, नाशिकचा एक ड्रायव्हर आणि झाशीच्या तुम्ही. कोण किती हिंडलं, कुणाची नाडी कशी होती, कुणाचा ठोका चुकला, सगळं रात्रीत जमा होऊन सकाळी माझ्यासमोर येतं. पूर्वी चहा पीत बघायचे. आता आधी बघते आणि मग चहा ठेवते. या तापात माणसाला काही कळायच्या आधी त्याची नाडी पळायला लागते आणि हिंडणं कमी होतं. डबी ज्यांच्या छातीत आहे, त्यांचं हृदय आधीच दमलेलं असतं. त्यात हा ताप. म्हणून सांगते, दाराबाहेर जाऊ नका, कुणाला आत घेऊ नका.

एक विचारायचं होतं. रोज संध्याकाळी तुमचं हृदय थोडं पळतं आणि मग शांत होतं. तुम्ही काय करता?

तुमची,
मनस्वी

---

झाशी, १८ एप्रिल

चि. मनस्वीस आशीर्वाद.

टाळी पोचली. लग्नात माझ्या मुंडावळ्या सुटल्या तेव्हा सगळे गप्प होते, एकट्या उषावन्संनी टाळी वाजवून हसून घेतलं आणि मग स्वतः बांधून दिल्या. तेव्हापासून आमच्यात टाळी आहे.

संध्याकाळचं विचारलंस. छतावर मी ऐश्वर्याला मंगळागौरीची गाणी शिकवत होते. ती बसून, मी उभी. पण आता ते बंद आहे. मी चैत्र नवरात्राचं मौन धरलंय. जिन्याचं दार आतून लावून घेतलंय. ती दारापाशी येऊन विचारते, "काकू, देवीला आमच्याशी बोललेलं चालत नाही होय?" मी खालच्या फटीतून चिठ्ठी सरकवते. फोनही उचलत नाही, मौन म्हणजे मौन.

तबियत एकदम बढिया. काळजी करू नकोस. दुपारी डोळा लागला की भिंती पातळ होतात, पलीकडचं दिसतं. काल भिंतीपलीकडे आमची शाळा भरली होती आणि सगळी मुलं पाण्याखाली बसून कविता म्हणत होती. तोंडातून बुडबुडे यायचे, ते वर येऊन फुटले की शब्द ऐकू यायचा. किती सुंदर होतं, तुला कसं सांगू!

ऐश्वर्याने दारात मोगरा ठेवला होता. यंदाच्या मोगऱ्याला वासच नाही.

उषावन्संना नमस्कार.

अनुमामी

---

पुणे, २० एप्रिल

अनुमामी,

मोगऱ्याला वास आहे. तुम्हाला येत नाहीये.

तीन सकाळी बघते आहे. नाडी झोपेतही चढलेली, हिंडणं जवळजवळ नाही. आकडे लिहीत नाही, उगीच त्यांच्याकडे बघत बसाल. मौनाने नाडी वाढत नाही, मामी. ताप कधीपासून आहे? खोकला? बोटाला लावायचं ते यंत्र घरात आहे का? गोळ्या चालू आहेत ना, हृदयाच्या? एकही सोडू नका.

खरं लिहा. तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला दिसतं. पण मला तुमच्याकडून कळायला हवं आहे.

मनस्वी

---

झाशी, २१ एप्रिल, रामनवमी

चि. मनस्वी,

पकडलंस. नवरात्र बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्वर आला. खोकला आहे. फोनवर बोलले असते तर दोन वाक्यांत तुला कळलं असतं, म्हणून मौन. पत्राला खोकला येत नाही.

ऐश्वर्याला सांगू नकोस. तिला कळलं तर ती खाली येईल. ती तशीच आहे. पोटात जीव आहे तिच्या, आणि बाहेर काय चाललंय ते तू मला सांगायला नको. आमच्या गल्लीतून रोज कुणीतरी जातंय. मला मूल झालं नाही, मनस्वी. या वयात देवाने वरच्या मजल्यावर एक आणून ठेवलंय, त्याच्या आड माझा ज्वर येऊ द्यायचा नाही. दूधवाला मुकेश भैया खिडकीत दूध ठेवतो, औषध आणून देतो. मी त्यालाही शपथ घातली आहे.

मला त्रास नाही. खरंच नाही. दुपारी तर मी इथे नसतेच. आज दुपारी यांच्या मालगाडीत होते. तुला ठाऊक आहे, हे गार्ड होते, गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटे असायचे. मी त्या डब्यात यांच्या जागी उभी होते. गाडी बेतव्याच्या पुलावर आली आणि धावायला लागली. इतकी की डबे एकमेकांत मिसळून एकच काळी रेघ झाली. इंजिनात कुणी नव्हतं, ते मला मागूनच कळत होतं. खाली नदी पांढरी झाली होती. भीती वाटली नाही, फक्त फार हलकं वाटलं, आता पुलाच्या पलीकडे काही लागतच नाही असं. मग कुणीतरी आतून माझ्या छातीवर टकटक केली. भराभर, दार वाजवावं तशी. गाडी हळू झाली. मी उठले तेव्हा सगळं अंग घामाने भिजलं होतं आणि ज्वर थोडा उतरला होता.

वन्संना यातलं काही सांगू नकोस. नुसता नमस्कार सांग.

अनुमामी

---

पुणे, २२ एप्रिल

मामी,

हे पत्र नीट वाचा, दोनदा वाचा.

काल दुपारी तुमचं हृदय खरोखर भरकटलं होतं. पेटीने आम्हाला लगेच इशारा पाठवला. खालचा कप्पा इतका जोरात पळत होता की रक्त पुढे जाणं थांबलं असतं. तुमच्या छातीतल्या डबीने ते ओळखलं आणि त्याच्याहूनही भराभर ठोके देऊन त्याला ताब्यात घेतलं. ती टकटक तिची होती. या वेळी जमलं. पुन्हा झालं आणि जमलं नाही तर डबी मोठा झटका देईल. आणि तापात, कमी पाण्यात, रक्तातले क्षार बिघडलेले असताना असं पुन्हा होतं. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, आजच भरती व्हायला हवं. रक्त तपासायला हवं, सलाईन मोजून द्यायला हवं, प्राणवायू बघायला हवा. घरी राहून हे होणार नाही.

पत्र पोचेपर्यंत मी ऐश्वर्याला फोन केलेला असेल. तुम्ही सांगू नको म्हणालात, तरी करते आहे. तिला खाली यायचं नाही असं मी बजावेन, पण तुम्हाला न्यायला कुणीतरी लागेल. तुम्ही माझ्यावर रागवा. बऱ्या होऊन रागवा.

जाताना पेटी सोबत न्यायची. विसरू नका. ती तिथे खाटेशी लावली की तुम्ही मला दिसाल.

मला आत्ता कुणीतरी दिसायला हवं आहे, मामी.

मनस्वी

---

झाशी, २६ एप्रिल

मनस्वीताई, नमस्कार.

मी ऐश्वर्या. काकूंनी सांगितलंय, ताईला फोन करू नको, लिही. म्हणून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

तुमचा फोन आला तेव्हा मी रडले नाही, कारण मला आधीच माहीत होतं. जिन्याच्या दाराला कान लावला की खोकला ऐकू येतो. देवीच्या मौनात खोकला चालतो का? पण काकू माझ्यासाठी लपवतात हे कळत होतं, मग मी पण लपवलं. रोज मऊ भात करून मुकेश भैयाकडे द्यायचे आणि सांगायचे, 'तुमच्या घरून आणलाय म्हणा'. काकूंनी चिठ्ठी टाकली होती, 'मुकेशच्या बायकोच्या हाताला आपल्याकडची चव आहे'.

फोननंतर मुकेश भैया दारापाशी गेला. "अम्मा जी, दरवाजा खोल दो. बिटिया को सब पता है." मग कडी वाजली. मी छतावरून बघत होते. काकू दोन्ही हातांनी पेटी छातीशी धरून बाहेर आल्या. साडी चापूनचोपून नेसलेली. वर बघितलं आणि म्हणाल्या, "तू खाली आलीस तर मी परत आत जाईन." मी आले नाही. कठड्याला धरून उभी राहिले. मुकेश भैयाच्या दुधाच्या गाडीत मागे चादर टाकून त्यांना नेलं. दोन दवाखान्यांत जागा नाही म्हणाले, तिसऱ्यात मिळाली, सीपरी बाजाराच्या पलीकडे छोटंसं आहे. तिथल्या नर्सबाईंनी पेटी लावू दिली. पहिल्यांदा नको म्हणत होत्या, मग तुम्ही त्यांच्याशी बोललात ना, तेव्हा ऐकलं.

ताई, तुमचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता. मागे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. तुम्ही दवाखान्यातून बोलत होता का? तुम्ही बऱ्या आहात ना?

काल काकूंना प्राणवायू लावलाय. त्या झोपेत काहीतरी गुणगुणतात असं नर्सबाई म्हणाल्या. मंगळागौरीचं असणार.

तुम्हाला पेटीत काय दिसतं ते मला खरं सांगा. मी घाबरणार नाही.

ऐश्वर्या

---

पुणे, ३ मे

ऐश्वर्या,

उशीर झाला, माफ कर. मी बरी आहे.

दिसतं ते खरं सांगते. तू लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी डबीने पुन्हा एकदा टकटक केली. त्यानंतर नाही. क्षार भरून निघाले आहेत. झोपेतली नाडी रोज थोडी उतरते आहे. आज सकाळी पहिल्यांदाच त्या थोड्या हिंडल्या. दारापर्यंत गेल्या असतील.

त्यांना सांग, लिहू नका, झोपा. तूही झोप.

मनस्वी

---

झाशी, ३० मे

चि. मनस्वीस अनेक, अनेक आशीर्वाद.

घरी येऊन बरेच दिवस झाले. पेन धरवत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता अक्षर लागतंय ना?

पहिली बातमी ही की ऐश्वर्याला मुलगी झाली. फौजी इस्पितळात, सगळं सुखरूप. पराग पोचला नाही, पण त्याने फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि तो तिकडे रडला. आता जिन्याचं दार उघडं असतं. मला अजून धाप लागते, म्हणून मी निम्म्या जिन्यावर बसते आणि ऐश्वर्या मुलीला घेऊन वरून निम्मा जिना उतरते. काल तिने पोर माझ्या मांडीवर ठेवली. तुला दिसलं असेल, माझं हृदय किती वेड्यासारखं पळालं ते.

दवाखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खूप दिवस मी एका संथ पाण्यात होते. वर उजेड होता. कुणाकुणाचे चेहरे वाकून बघायचे आणि त्यांच्या तोंडाला मुसकं असायचं, त्यामुळे सगळे डोळेच डोळे. एकदा उषावन्सं आल्या. त्यांच्या तोंडाला काही नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "ऊठ गं, मुंडावळ्या सुटल्यात." मी हात वर केला तर नळी हाताला लागली.

मनस्वी, आता तुला सरळ विचारते. त्यांना मी चार वेळा फोन लावला, बंद लागतो. तुला लावला तर तू कापतेस आणि मग 'मीटिंगमध्ये होते' असा निरोप पाठवतेस. बारा एप्रिलनंतरच्या तुझ्या एकाही पत्रात आई हा शब्द नाही. मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली.

आता मी बरी आहे. मला सांग.

अनुमामी

---

पुणे, ४ जून

मामी,

आई गेली. बावीस एप्रिलला, संध्याकाळी.

तुमच्या मोगऱ्याचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी तिला भरती केलं होतं. मला आत जाऊ देत नव्हते. मी तिथल्या जिन्याखाली लॅपटॉप घेऊन बसायचे. आत काय चाललंय ते मला कुणी सांगत नव्हतं. दार उघडायचं, कुणाचं तरी नाव पुकारायचे आणि दार बंद व्हायचं. आईच्या छातीत डबी नव्हती. ती माझ्यापासून वीस पावलांवर होती आणि मला काहीच दिसत नव्हतं. तुम्ही झाशीत होतात आणि तुमचा एकेक ठोका माझ्यासमोर होता.

ते बावीस तारखेचं पत्र मी तिथेच बसून लिहिलं. तुम्हाला वाटलं असेल मी तुमच्यासाठी धडपडते. मी तुमच्यासाठीच धडपडत होते. पण आईसाठी काही करता येत नव्हतं, म्हणून अधिक.

एका नर्सने एकदा तिच्या कानाशी फोन धरला होता. काय बोलावं ते सुचेना. मी तुमचं पाण्याखालच्या शाळेचं पत्र वाचलं. अख्खं. नर्स म्हणाली, त्यांचे ओठ हलले. हसली असेल असं मी धरून चालले आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचं हृदय ते सोसेल की नाही, हे मला पडद्यावर दिसत होतं. नंतर तुम्ही बऱ्या झालात, तरी सांगता येईना. मी अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. सकाळी उठते, सगळ्यांची हृदयं बघते, चहा ठेवते. रात्री झोप लागत नाही. लागलीच तर आत नुसता काळोख असतो, काही नसतं.

मनस्वी

---

झाशी, ५ जून

माझ्या बाळे,

पत्र वाचलं. जिन्यावर बसून वाचलं. ऐश्वर्या माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघी रडलो आणि तान्ही झोपलेली राहिली.

आज माझं हृदय तुला कसंही दिसो, घाबरू नकोस. ते उषावन्संसाठी आहे.

तू इकडे ये. मी सल्ला देत नाही, सांगते आहे. तुझं काम कुठूनही होतं, मग झाशीहून कर. झेलम सुरू आहे, पुण्याला बस आणि झाशीला उतर, मध्ये बदलायची नाही. मुकेश भैया तुला आणायला येईल. तुझ्यासाठी खालची मागची खोली झाडून घेतली आहे, तिथे दुपारी गारवा असतो. कूलर आहे. इथे कुणी तुला काही विचारणार नाही. ऐश्वर्या भात करेल. तान्हीला मांडीवर घेऊन बसायला एक माणूस कमीच पडतंय.

तुझ्या आईच्या खूप गोष्टी माझ्याकडे आहेत, तुझ्या जन्माच्या आधीच्या. त्या पत्रात मावणार नाहीत.

मामी

---

झेलम, वाटेत, २० जून

मामी,

लॅपटॉप बॅगेतच आहे. आज माझी माणसं एका मैत्रिणीकडे सोपवली आहेत.

काल गाडीत बसले आणि दौंड गेल्यावर डोळा लागला. मग भुसावळ कधी गेलं, भोपाळ कधी गेलं, कळलं नाही. समोरच्या बाईंनी दोनदा हलवून जेवायला उठवलं म्हणे, मी उठले नाही. त्या मला आजारी समजत होत्या.

आणि मला स्वप्न पडलं. आई गेल्यापासूनचं पहिलं. खास काही नव्हतं. आई आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि मी आल्यावर म्हणाली, "आलीस? चप्पल बाहेर काढ." एवढंच. मी चप्पल काढायला वाकले आणि जागी झाले. उशी ओली होती आणि खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर लाल माती, पळसाची झाडं आणि मोठमोठे दगड.

गाडी हळू होते आहे. डब्यात लोक सामान काढताहेत, कुणीतरी ओरडतंय, "झाशी, झाशी आ गया." फलाटावर मुकेश भैया कोण ते मला शोधावं लागलं असतं, पण त्याच्या शेजारी बाकावर तुम्हीच बसलेल्या दिसताय. घरी थांबा म्हटलं होतं ना!

उतरते. बाकीचं समोर.